जांभळाच्या पानांची वाट

फार फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत वसलेल्या एका गावात गिरजाबाई नावाची एक शिक्षिका राहत असे. गावातली पंधरा मुलं तिच्याकडे शिकायला येत. तिची शिकवण्याची रीत मात्र जगावेगळी होती.

शिशिर सरत आला, रानात पानगळ सुरू झाली, की गिरजाबाई पोथ्या बांधून ठेवी आणि मुलांना घेऊन रानात जाई. मुलं ओंजळी भरभरून पानं वेचत. शाळेत परतल्यावर पिठाची खळ लावून लाकडी फळ्यांवर त्या पानांची चित्रं करत. सागाच्या पानाचा हत्ती होई, आपट्याच्या पानाचं फुलपाखरू होई, जांभळाच्या लालसर पानांच्या माळेतून मोराचा पिसारा उमटे.

गिरजाबाईचा नियम एकच होता. पान चिकटवण्याआधी ते कुठं सापडलं, हे सांगायचं. उतारावर की माळावर, खडकात की ओढ्याकाठी. ज्याला सांगता येत नसे, त्याला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या झाडापाशी नेई.

गावचे पाटील हैबतराव यांना हे मुळीच पटत नसे. "पोरं केरकचरा गोळा करायला शाळेत येतात का?" ते म्हणत. "विद्या पोथीत असते, बाई. पालापाचोळ्यात नसते."

"पोथी लिहिणाऱ्यानंही आधी झाडच पाहिलं असेल, पाटील," गिरजाबाई शांतपणे म्हणे.

एके दिवशी मुलं नेहमीपेक्षा लांब, डोंगरापलीकडच्या नव्या रानात गेली. ते कळताच हैबतरावांचा पारा चढला. काठी टेकत ते त्यांच्या मागोमाग निघाले. दुपार कलता कलता त्यांनी मुलांना गाठलं.

"आता पुरे झालं," ते म्हणाले. "उद्यापासून शाळा चावडीत भरेल. मुलं पाठांतर करतील. रानात एक पाऊल टाकायचं नाही."

गिरजाबाई उत्तर देणार, तोच तिच्या नाकात जळका वास शिरला. तिनं मागं वळून पाहिलं. ज्या वाटेनं ते आले होते, तिच्यावर धुराचा लोट उठला होता. वणवा लागला होता. वाळक्या पाचोळ्यावरून जाळ सरसर पुढं सरकत होता, आणि वारा त्यांच्याच दिशेनं वाहत होता.

मुलं गिरजाबाईला बिलगली. पंधरा लेकरं होती, आणि परतीची वाट बंद झाली होती. पण तिनं आवाज हलू दिला नाही.

"पायांखाली बघा," ती म्हणाली. "कुणाला काय दिसतंय?"

मुलं वाकली. साग, पळस, पुन्हा साग. मग तानी नावाची आठ वर्षांची मुलगी थोडी पुढं जाऊन बसली आणि दोन पानं उचलून आली.

"बाई, हे जांभळाचं आहे. जांभूळ आपल्याला दरवेळी ओढ्याकाठीच सापडलं."

"वाऱ्यानं उडून आलं असेल," हैबतराव म्हणाले. "त्या कड्याकडे पळू या, उंचावरून वाट तरी दिसेल."

तानीनं मान हलवली. "उडून आलेलं पान एकटं असतं, आजोबा. तिथं खाली सडा पडलाय. करंजाचीही पानं आहेत, तोही ओढ्याकाठचाच."

हैबतराव गिरजाबाईकडे वळले. "पोरांच्या सांगण्यावर सगळ्यांचा जीव टांगायचा का?"

"मी त्यांना जे शिकवलं, त्यावर टांगतेय," गिरजाबाई म्हणाली. "आग चढावर जोरात धावते, पाटील. कड्याकडे जायचं नाही. तानी, पुढं हो."

तानी पुढं झाली. तिच्यामागं मुलं एकमेकांचे हात धरून निघाली. धुरानं डोळे चुरचुरत होते, समोरचं झाडही धड दिसत नव्हतं. पण जमीन दिसत होती. जांभूळ, करंज, मग उंबर. पाचोळा हळूहळू दमट होत गेला. हैबतरावांना ठेच लागली, तेव्हा दोन मुलांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं.

शेवटी झाडी संपली आणि समोर ओढ्याचं रुंद, वाळूचं पात्र आलं. मधे डोह होता. सगळे कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि ओली फडकी तोंडावर धरून उभे राहिले. काठापर्यंत आलेल्या जाळाला वाळूवर जळायला काही मिळालं नाही. तो बाजूनं वळला आणि निघून गेला. कड्याचा चढ मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळा पडला.

हैबतरावांनी त्या काळ्या चढाकडे पाहिलं आणि तानीला विचारलं, "मला जांभळाच्या आणि करंजाच्या पानांतला फरक सांगशील?"

तानीनं सांगितला. साठी उलटलेल्या पाटलांना तो दोनदा विचारावा लागला.

चावडीतल्या शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या वर्षापासून पानगळ सुरू झाली, की पाटील सगळ्या गावाला घेऊन रानात जात आणि वाटेच्या दोन्ही अंगांचा पाचोळा झाडून घेत, जाळाला वाट ओलांडता येऊ नये म्हणून. कुठून झाडायचं, ते मुलं दाखवत.

तात्पर्य : पायांनी चालून आणि हातांनी हाताळून मिळवलेली विद्या संकटात साथ सोडत नाही.