जिभेला न चिकटलेला दगड

“म्हणजे त्या माणसाचंच बरोबर आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला, सर?”

वासेकर सर काहीच म्हणाले नव्हते. ते संत्रं सोलत होते.

शैलेश गिरडकर सकाळीच नागपूरहून निघून वरोऱ्याला सरांच्या घरी येऊन धडकला होता. एकेकाळी तो या सरांच्या हाताखाली भूशास्त्र शिकला. आता त्याच्या डायनासोरवरच्या पुस्तकाने नाव काढलं होतं. वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं, शाळाशाळांतून सत्कार झाले, शालींनी कपाट भरलं.

आणि मग एका मासिकात ते परीक्षण आलं. तेव्हापासून गड्याला अन्न गोड लागत नव्हतं.

त्याने उत्तर लिहून आणलं होतं, चांगलं खरमरीत. खाली सरांची सही पडली की समीक्षकाची बोलती बंद, असा त्याचा हिशेब.

खरी धाकधूक मात्र वेगळीच होती. सरांनी पुस्तक केव्हाच वाचलं होतं, आणि त्याबद्दल अजून अवाक्षर काढलं नव्हतं.

“काय लिहिलंय त्यानं? वाचून दाखव बरं,” सर म्हणाले.

वाचायची गरजच नव्हती. शैलेशला ते पाठ झालं होतं.

“‘या पुस्तकातले डायनासोर झुंजतात, डरकाळ्या फोडतात, धाडकन पडून मरतात. जेवायला मात्र एकही बसत नाही.’”

सरांना खुदकन हसू आलं.

“तुम्हीसुद्धा हसता, सर?” शैलेशला ते फार लागलं.

“झ्याक लिहितो की गडी.”

“जगभरच्या हाडांचा अभ्यास करून लिहिलंय मी! यानं जन्मात एक हाड हातात धरलं नसेल.”

“हं…”

सर उठले. कोनाड्यातून एक काळपट गोटा आणून त्यांनी शैलेशच्या तळहातावर ठेवला. लिंबाएवढा, एका टोकाला निमुळता.

“काय आहे?”

शैलेशची कळी खुलली. शेतात हिंडताना हाड कोणतं नि दगड कोणता, हे ओळखायची सरांची जुनी रीत होती. जिभेला लावून पाहायचं. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. आणि अख्ख्या वर्गात शैलेशच्या जिभेचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्याने गोटा जिभेला लावला. चिकटला नाही. उलटा करून लावला. घोळवून घोळवून लावला.

“हाड नाही,” तो ऐटीत म्हणाला. “साधा दगड.”

“शेण आहे.”

“…काय?”

“डायनासोरचं. दगड झालंय त्याचं. इथल्याच, पिसदुऱ्याच्या शिवारातलं.”

शैलेश थू थू करत अंगणात धावला. सर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. चूळ भरता भरता शैलेशलाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांत तो असा हसला नव्हता. त्याला फार बरं वाटलं.

“अरे, कोट्यवधी वर्षांचं आहे ते. काही होत नाही,” सरांनी संत्र्याच्या फोडी पुढे केल्या. “घे, तोंड गोड कर.”

थंडीतलं ऊन ओसरीवर आलं होतं. दोघं निवांत संत्रं खात बसले.

“तुझ्या पुस्तकात हे कितव्या पानावर आहे?” सरांनी विचारलं.

“नाही घेतलं, सर.”

“काहून रे? माहीत नव्हतं?”

“वाचलं होतं की. पण…”

“पण?”

“एवढा मोठा प्राणी, सर. त्याच्या डरकाळीशेजारी शेण कसं मांडायचं? शोभलं नसतं.”

सर मान डोलावत राहिले.

“असे गोटे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात,” ते म्हणाले. “आत गवताचे अंश सापडलेत.”

“म्हणजे…”

“म्हणजे बसला होता जेवायला.”

शैलेशने गोटा पुन्हा न्याहाळला आणि ओसरीवर ठेवला. मग खरमरीत उत्तराचे कागद त्याने घडी घालून पिशवीच्या तळाशी टाकले. सहीचं नाव काढलं नाही. पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढणार, हे त्याच्या मनात पक्कं झालं होतं, आणि त्या विचारानेच त्याला कडकडून भूक लागली.

निघताना मात्र राहवेना.

“सर, एवढं तरी सांगा. पुस्तक कसं वाटलं तुम्हाला?”

सर संत्र्याच्या साली गोळा करू लागले.

“वाईट वाटलं तरी चालेल. त्या परीक्षणानं आधीच एवढी घाण केलीय…”

सरांनी तो गोटा उचलून त्याच्या हातात दिला, आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

“हाडं काय, मेल्यावरही उरतात,” ते म्हणाले. “हे पडायला जिवंत असावं लागतं.”