ठकू सोनारीण आणि अकरा माणकं

देशमुखांच्या गढीचे बुरूज शाबूत होते आणि त्यांच्या शब्दापुढे गाव माना खाली घालत होतं, तेव्हाची ही गोष्ट. काळवटी गावात ठकू नावाची म्हातारी सोनारीण राहत होती. खड्याला दागिन्यात धरून ठेवणारं सोन्याचं कोंदण करावं तर ठकूनेच, असं म्हणतात. तिने बसवलेला खडा हत्तीच्या पायाखाली गेला तरी हलत नसे, असंही म्हणतात.

एकदा देशमुखीणबाईंच्या चिंचपेटीतलं एक माणिक हरवलं आणि आळ आला धुणंभांडी करणाऱ्या सगुणावर. दुसऱ्या कुणावर येणार होता! जिच्या गळ्यात फुटका मणी नाही, तीच चोर. हुकूम सुटला, की सगुणाने उकळत्या तेलातून लोखंडाचा तुकडा काढावा. हात भाजला तर गुन्हा शाबीत. आता उकळत्या तेलात कुणाचा हात भाजत नाही? पण हे विचारायची एकाचीही छाती झाली नाही. सारं गाव बघायला मात्र जमलं.

चुलाण पेटलं. सगुणा रडत म्हणाली, "ठकूमावशी, आईच्यान, मी शिवलेसुदिक न्हाई!"

ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने विचारलं, "दागिना बगितला का कुनी?"

कुणीच बघितला नव्हता. बाई गरीब आहे, एवढं बघितलं होतं.

ठकूने चिंचपेटी मागून घेतली. रिकाम्या कोंदणावरून तिने अंगठा फिरवला आणि तिला सगळं कळलं. खडा उचकटला असता तर सोन्यावर ओरखडा राहिला असता, कड एका अंगाला वाकली असती. इथे वाकायला कडच नव्हती! गढीवरच्या धोंडशेट सोनाराने सोनं वाचवलं होतं आणि माणकं नुसती लाखेवर चिकटवली होती.

"सोनं खाल्लं शेटनं आनि हात जाळायचा पोरीचा?" ठकू कडाडली. "लाज वाटू द्या रं!"

असं म्हणतात, की त्या आवाजाने चुलाण विझलं, तेल थिजलं आणि उरलेली दहा माणकं कोंदणांतून टपाटपा गळून देशमुखांच्या पायाशी पडली. अकरावं बाईसाहेबांच्याच शेल्याच्या घडीत सापडलं. सगुणाची माफी कुणी मागितली नाही. थोरामोठ्यांना कुठे येते ती मागता! धोंडशेट मात्र गावातून जो परागंदा झाला, तो पुन्हा दिसला नाही.

ठकू गेली, गढीही पडली. पण काळवटीत आजही कुणाकडे खड्याचा नवा दागिना आला, की तो आधी मालकिणीच्या हाती देत नाहीत. घरात भांडी घासणाऱ्या बाईला पाटावर बसवतात आणि दागिना तिच्या कानाशी हलवतात. खडा वाजला तर ती नुसती मान हलवते. मग तो दागिना देवीचा का असेना, आल्या पावली सोनाराकडे परत जातो.