साळूबाईचा पहिला डाव

प्राणीसुद्धा तालमीत जायचे, तेव्हाची ही गोष्ट. साळूबाई नावाची एक घूस होती. पोरं मोठी होऊन पांगलेली, पोट सुटलेलं. बिळाच्या तोंडाशी रोज एक बोका ठाण मांडायचा आणि बाईला उपाशी ठेवायचा. एकदा त्याला डुलकी लागली तशी ती निसटली. म्हणाली, आता लढाई शिकायचीच!

माकडाकडे मल्लखांबावर चढली, तर भोपळ्यासारखी घरंगळली. कोंबड्याकडे लाथ मारायला गेली, तर स्वतःच गरगरून पडली.

"आजीबाई, भजन करा!" कोंबडा म्हणाला.

"आजी असेल तुझी आई," असं फणकारून ती बैल वस्तादाच्या कुस्तीच्या आखाड्यात शिरली.

"नव्या शिष्यानं आधी माती उकरायची," वस्ताद म्हणाला.

उकरायची? साळूबाईचा आनंद गगनात मावेना! तिनं उकरून उकरून माती पिठासारखी भुसभुशीत केली.

तेवढ्यात तिला शोधत बोका आला. "काय पहिलवान!" म्हणत त्यानं झेप घेतली, ती थेट त्या मातीत. पाय रुतले, तोल गेला, बोका उताणा! साळूबाई धपकन त्याच्या पोटावर बसली.

"चीतपट!" वस्ताद ओरडला. "हा कुठला डाव गं बाई?"

"मला काय ठाऊक, वस्ताद? माझं अजून उकरणंच चाललंय!"