आवडाकाकीचा लाजरा काटा

फार वर्षांपूर्वी, आमच्या तळेवहाळला रस्ता नव्हता आणि साखर बैलांच्या पाठीवरून घाट उतरून यायची, तेव्हाची ही गोष्ट. गावात आवडाकाकी नावाची बाई राहत होती. तिच्या हाताला चव होती, आणि चवीहून जास्त धीर होता.

काकड्या झाल्या की ती त्या किसून, गूळ आणि रवा घालून, मातीच्या भांड्यात धोंडस भाजायची. भांड्याखाली निखारे, झाकणावरही निखारे. तो वास सुटला की वहाळाच्या पाण्यापलीकडच्या गाई चरायच्या थांबून माना वर करायच्या, असं म्हणतात.

ही भांडी तिला पारू कुंभारीण घडवून द्यायची. घरामागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पारू भांडं ठेवायची आणि त्याच गडग्यावर आवडाकाकी धोंडसाचा गरम तुकडा ठेवायची. मग गडग्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून दोघी गप्पा मारायच्या.

"काकी, मागचं झाकण तडकलं तर नाही ना?"

"तुझं झाकण कसलं तडकतंय! त्याच्याआधी माझं डोकं तडकेल."

पण पारूने तो गडगा कधी ओलांडला नव्हता. त्या काळी कुंभारवाड्यातलं कुणी वरच्या आळीतल्या स्वयंपाकघरात जात नसे.

आवडाकाकीचं खरं नाव झालं ते संक्रांतीच्या हलव्याने. मंद निखाऱ्यांवर परात ठेवायची, तीळ घालायचे, वर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. तो पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं चार-पाच दिवस केलं की तिळाला पांढरा काटा फुटतो. नव्या सुनांचे आणि तान्ह्या मुलांचे हलव्याचे दागिने साऱ्या गावाला याच घरातून जात.

त्या घराचा एक नियम होता. हलवा करताना दारं-खिडक्या बंद. कुणी बघायचं नाही. "काटा लाजतो," असं आवडाकाकीच्या सासूने सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूने. सात पिढ्या तो काटा बंद दारामागेच फुलला.

एका वर्षी पारूला मुलगा झाला. तो इतका अशक्त होता की त्याला नीट रडताही येत नव्हतं. पारू त्याला घेऊन गडग्याशी आली.

"लोक म्हणतात, इतक्यात नाव ठेवू नको," ती म्हणाली.

"लोकांना काय कळतंय? नाव ठेव. चांगलं भारदस्त ठेव. संक्रांतीला याचं बोरन्हाण मी करणार आणि हलव्याचा मुकुट घालणार. सांग त्याला, मुकुट ठरलाय, तोवर कुठे जायचं नाही."

पारूने त्याचं नाव दौलत ठेवलं. रोज सकाळी ती त्याच्या कानात सांगायची, "मुकुट ठरलाय रे, थांब." आणि तो थांबला, असं म्हणतात.

संक्रांत आठ दिवसांवर आली. आवडाकाकीने दारं लावून परात चढवली. बंद खोलीत धूर कोंडला, डोळे चुरचुरले, आणि पाकाचं पातेलं उतरवताना तिचा तोल गेला. उकळता पाक दोन्ही हातांवर सांडला. ती ओरडली. शेजारणी धावत आल्या, पण दाराशीच थबकल्या. आत गेलं तर काटा लाजेल!

पारू तेव्हा मागे नवं भांडं घेऊन आली होती. तिने भांडं टाकलं, गडगा ओलांडला आणि मागचं दार ढकलून आत शिरली. भांडं फुटल्याचा आवाज साऱ्या आळीला ऐकू आला.

"पारू, आधी दार लाव गो," आवडाकाकी कण्हत म्हणाली. "काटा लाजेल."

"लाजू दे त्याला! तुमचे हात सोलवटलेत आणि तुम्ही तिळाची लाज सांभाळताय?"

पारूने तिच्या हातांवर पाणी ओतलं, कोरफडीचा गर लावला, मऊ धडपे बांधले. तेव्हा कुठे आवडाकाकीला रडू फुटलं. हात दुखत होते म्हणून नव्हे. "मुकुट ठरला होता गो. त्याला थांबायला सांगितलंय आपण."

पारूने आपल्या हातांकडे पाहिलं. "मंद आच मला कळते. बोटं फिरवणं मला कळतं. पाकाचं तेवढं तुम्ही सांगा."

सात पिढ्यांच्या सासवा आवडाकाकीच्या मनात उभ्या राहिल्या असतील. मग ती म्हणाली, "बस परातीशी. आणि ती दारं उघडीच राहू देत. धूर जाऊ दे."

उघड्या दारात शेजारची बयोवहिनी उभी होती. ती म्हणाली, "कुंभारणीच्या हातून आता हलवा होणार की गाडगी?"

"गाडगी झाली तर त्यातून तुलाच ताक देईन," आवडाकाकी म्हणाली. "तोंड चालवण्यापेक्षा ये, पाक ढवळ."

बयोवहिनी आली. तिच्यामागून बाकीच्याही आल्या. पण तीन दिवस झाले तरी तीळ मण्यांसारखे गुळगुळीतच राहिले. बायका कुजबुजू लागल्या, "लाजला."

चौथ्या दिवशी आवडाकाकी पारूच्या बोटांकडे नीट पाहत बसली. मग म्हणाली, "अगो, ती माती नाही. दाबू नको. दौलतच्या टाळूवरून हात फिरवतेस ना, तसा फिरव."

पारूने तसा हात फिरवला. आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत काटा फुलला! जितके डोळे जास्त, तितका काटा दाट. परात चांदण्यांनी भरल्यासारखी दिसू लागली. गोड वासाने मुंग्यांची रांग आली, तीसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबून बघत राहिली, असं म्हणतात.

पहिला काटेरी दाणा आवडाकाकीने धडप्यातल्या बोटांत कसाबसा धरला आणि पारूच्या तोंडात घातला. "सात पिढ्या आम्ही त्याला उगाच कोंडून ठेवलं," ती म्हणाली.

संक्रांतीला दौलतच्या डोक्यावर मुकुट चढला. त्याने एक दाणा चोखला आणि आयुष्यात पहिल्यांदा असं भोकाड पसरलं की घाट उतरणारे बैल जागच्या जागी थांबले, असं म्हणतात. पारू मात्र हसत होती, आणि आवडाकाकीही. दौलत पुढे इतका म्हातारा झाला की आजच्या कुंभारवाड्यातली निम्मी घरं त्याच्याच वंशातली आहेत.

आवडाकाकीची बोटं पुन्हा पूर्वीसारखी वळली नाहीत. पण तिला त्याची खंत नव्हती. गावात तेव्हा चाळीस जणींना काटा फुलवता येत होता.

आजही आमच्या गावात हलव्याची परात चढली की पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं उघडी ठेवतात. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाने आत येऊन एकदा तरी बोटं फिरवायची असतात. पहिला काटेरी दाणा मातीच्या झाकणात घालून मागच्या गडग्यावर ठेवतात. त्या गडग्यात आता एका माणसाला सहज जाता येईल एवढी वाट आहे. आणि उंबऱ्यापाशी कुणी संकोचून उभं राहिलंच, तर आतून कुणीतरी आवडाकाकीची आठवण काढून हाक मारतं,

"ये गो आत. काटा लाजत नाही."