इनासची गोडी विहीर

फार फार वर्षं झाली, तेव्हा सांजोळी गावाला नीट रस्ताही नव्हता. खाडीकाठच्या या ख्रिस्ती गावात इनास नावाचा विहीर खणणारा राहायचा. असं म्हणतात, तो अनवाणी चालत गेला की तळव्यालाच कळायचं, पाणी कुठं आहे. मिंगेल हा पोरका मुलगा इनासच्या आईनंच वाढवला. इनासनं त्याला आपलं काम शिकवलं, भाऊ मानलं.

एका वर्षी देवळासाठी, म्हणजे गावच्या चर्चसाठी, नवी घंटा आली. ती वर चढवताना मिंगेलच्या हातून दोर सुटला आणि घंटा खाली पडून फुटली. मिंगेल घाबरला. गावकी जमली तेव्हा त्यानं क्रुसावर हात ठेवून सांगितलं, "गाठ इनासदादानं मारली होती. तीच सुटली."

"माझी गाठ सुटली नाही," इनास एवढंच म्हणाला. दोर त्याचे, गाठी त्याच्या, कुणाला पटणार? गावानं त्याची पहार काढून घेतली आणि त्याला खाडीपलीकडच्या खाजणात, खाऱ्या दलदलीतल्या ओसाड बेटावर सोडलं.

तीन दिवस इनास देवाशीही बोलला नाही. मिंगेलचं नाव मनात आलं की त्याचे दात आवळले जात. चौथ्या दिवशी भर दुपारी त्यानं चिखलात गुडघे टेकले. "बापा, मला हे नको होतं," तो म्हणाला. "पण तुझ्या मनात असेल तसं होऊ दे." मग त्यानं एक मोठा शिंपला उचलला आणि खणायला लागला.

असं म्हणतात, ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस तो खणत होता. चिंबोऱ्या रात्रीतून नांग्यांनी माती वर आणून टाकत. खालून पाणी लागलं ते शहाळ्यासारखं गोड. भरती काठापर्यंत यायची, पण खारा थेंब आत उतरायचा नाही. इनास तिथंच झोपडी बांधून मजेत राहू लागला. पहाटे त्याचं गाणं सांजोळीत ऐकू यायचं.

पुढं मोठं उधाण आलं आणि गावातल्या सगळ्या विहिरी खारावल्या. तान्ही मुलं पाण्यावाचून रडू लागली. इनास गातोय म्हणजे बेटावर गोडं पाणी असणार, हे ओळखून ओहोटी लागताच मिंगेल घडा घेऊन एकटाच होडीनं निघाला. इनाससमोर त्याची मान वर होईना.

"दादा, दोर माझ्या हातून सुटला होता."

"मला माहीत आहे. आधी पाणी पी."

"तुला राग नाही आला?"

"आला की. तीन दिवस होता. मग खणायला लागलो, त्याला वेळच मिळाला नाही."

इनासनं पहिला घडा स्वतः शेंदून त्याच्या डोक्यावर ठेवला. मिंगेलनं तो देवळात नेला आणि सगळ्यांसमोर आपलं खोटं कबूल केलं. गाव होड्या घेऊन इनासला आणायला गेलं. तो हसून म्हणाला, "देवानं इथं बसवलंय, इथं बरं आहे. तुम्हीच येत जा." मिंगेल जन्मभर त्याच्याबरोबर पाणी शेंदत राहिला.

सांजोळीत आता नळ आले आहेत. तरी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी ओहोटीला होड्या बेटावर जातात. त्या दिवशी शेंदलेला पहिला घडा कुणी स्वतः पीत नाही. ज्याच्याशी अबोला असेल, त्याच्या उंबऱ्यावर तो नेऊन ठेवतात. घरातलं माणूस बाहेर येतं, ओंजळ पुढं करतं. भांडण कशावरून होतं, ते कुणी विचारत नाही.