रुप्याचा वाडगा

एका राज्यात समुद्र होता, मिठाच्या राशी होत्या, पण लोखंड म्हणून नव्हते. तिथून सातशे कोसांवर दुसरे राज्य होते. तिथे लोखंडाचे डोंगर होते, पण मिठाचा खडा दिसत नसे. मीठ वर जाई, लोखंड खाली येई, आणि दोन्हीकडची माणसे पोटभर जेवून एकमेकांना दुवा देत.

बारा वर्षांमागे हे सारे बिनसले. डोंगराची राणी नीलशिखा मोठी मंत्रविद्या जाणणारी. तिने आपल्या दरबारी आलेले, समुद्राच्या राज्याचे वकील विसाजीपंत यांना रुप्याच्या वाडग्यातून आक्रोड पाठवले. पंतांनी आक्रोड काढून घेतले, वाडग्यात मूठभर साखर घातली आणि हसतमुखाने तो परत केला. यात वावगे काय, तुम्हीच सांगा! पण राणीचा चेहरा लालबुंद झाला आणि भर दरबारात तिच्या तोंडून शाप निघाला. पंत उभ्याउभ्या दगड झाले; तो दगड वाड्याच्या अंगणात नेऊन ठेवला. त्या दिवसापासून दोन राज्यांमधली खिंड ओलांडताच मिठाची वाळू होई आणि लोखंडाची माती. खाली खिळ्यांवाचून नावा काथ्याने बांधू लागले. वर सगळे राज्य अळणी जेवू लागले.

पंतांची मुलगी मनकर्णा तेव्हा आठ वर्षांची होती. विसाव्या वर्षी ती राजापुढे उभी राहिली.

“महाराज, वकिलीची वस्त्रे मला द्यावीत.”

“वाट जिवावरची आहे, मुली.”

“आबा तिथे ऊनपाऊस सोसत उभे आहेत. मला इथे घास गिळवत नाही.”

राजाने वस्त्रे दिली. मनकर्णा सातशे कोस चालली. खिंडीत एक साळुंकी बसली होती, दोन्ही राज्यांच्या भाषा बोलणारी. तीच तिला दरबारात घेऊन गेली आणि दुभाषी म्हणून सोबत राहिली. वाटेत अंगणात आबा दिसले, खांद्यांवर शेवाळ चढलेले. मनकर्णाने त्यांच्या गार पायांवर डोके ठेवले आणि पोटभर रडली.

राणी म्हणाली, “दिलेला शाप मला मागे घेता येत नाही. मी तीनदा वाडगा पाठवीन. एकदा जरी तो योग्य रीतीने परत आला, तर शाप तुटेल. तीनदा चुकलीस, तर बापाशेजारी दगड होशील.”

“योग्य रीत कोणती, राणीसरकार?”

“हे काय विचारणे झाले? आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असते.”

पहिल्या दिवशी वाडग्यातून जर्दाळू आले. मनकर्णाने त्यात नारळ ठेवून वाडगा परत केला. तिचे पाय गुडघ्यांपर्यंत दगड झाले. दुसऱ्या दिवशी मध आला. आपलेच देणे कमी पडले असे समजून तिने नथीतले मोती काढून वाडग्यात घातले. ती कमरेपर्यंत दगड झाली. तिसऱ्या दिवशी डाळिंबे आली, आणि घालायला जवळ काहीच उरले नव्हते. मनकर्णा साळुंकीकडे वळली.

“साळुंकीबाई,” ती म्हणाली, “इथल्या बायका शेजारणीचा वाडगा कसा परत करतात?”

“घासूनपुसून, रिकामा. आत काही घातले, तर अर्थ असा की तुझे देणे नको, हे घे आणि पुन्हा दाराशी येऊ नकोस.”

“मग हे कधी बोलली का नाहीस?”

“बारा वर्षांत कोणी विचारलेच नाही.”

मनकर्णाने वाडगा घासला. रिकामा वाडगा पुढे करताना आई, काकू, मावशी, साऱ्या जणी डोळे वटारून समोर उभ्या आहेत असे तिला वाटले. तरी तिने तो पुढे केला.

राणीने आत पाहिले. तिने वाडगा उलटा करून पाहिला.

“मग तुझ्या बापाने साखर का घातली होती?”

“आमच्याकडे रिकामे भांडे परत करीत नाहीत, सरकार. देणाऱ्याचे घर भरलेले राहावे म्हणून.”

राणी मटकन सिंहासनावर बसली. “आशीर्वाद होता तो,” ती म्हणाली, “आणि मी एका भल्या माणसाचा दगड केला.”

मनकर्णाच्या पायांत मुंग्या आल्या. पाय हलले! ती धावत अंगणात गेली. आबा खांद्यावरचे शेवाळ झटकत होते. त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

“मनू? एवढी मोठी कधी झालीस गं?”

“तुम्ही उभे होतात ना, आबा, तेवढ्यात,” ती म्हणाली, आणि हसता हसता त्यांच्या गळ्यात पडली.

पुढे तह झाला. त्यात पहिले कलम असे की आधी विचारावे, मग रागवावे. सहा महिन्यांत मिठाचे बैल खिंड चढून आले. राणीने पहिला खडा जिभेवर ठेवला आणि सगळ्यांदेखत डोळे पुसले. त्या दिवशी डोंगरात घरोघरी लोकांनी दोनदा आमटी मागून घेतली. खाली समुद्रावर पहिला खिळा ठोकल्याचा आवाज झाला, आणि बापलेक गावी पोहोचले तेव्हा नवी नाव पाण्यात उतरत होती. त्यांना जसे घर मिळाले, तसे वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला मिळो.