तीनदा थांबवलेला पाहुणा

ठक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

हा आवाज मी लहानपणी ऐकला. चैत्रातली सकाळ होती, नुकते उजाडले होते. आमच्या घरामागच्या पांदीतून कोणी तरी काठी टेकत चालले होते. वडील विहिरीवर पाणी शेंदत होते. त्यांनी पोहरा काठावर ठेवला आणि आवाज पुरता दूर जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मी विचारले, "कोण गेलं?" ते म्हणाले, "थोरले पाहुणे." त्या दुपारपासून ऊन तापायला लागले. पाणी भरून झाल्यावर वडिलांनी मला एक गोष्ट सांगितली. तीच मी सांगतो, आठवते तशी.

एका राज्यात सुमेध नावाचा राजा राज्य करीत होता. राज्य लहान होते. एका शिवेवरून निघालेला घोडेस्वार तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शिवेवर पोचत असे. त्या राज्यात ऋतू आपोआप येत नसत. ते पाहुणे म्हणून येत, राजवाड्यात उतरत आणि मुदत झाली की निरोप घेऊन जात. मार्गशीर्षात शिशिरबाबा येत. पाठीत वाकलेले, पांढऱ्या दाढीचे. हातात काठी, पायांत जाड वहाणा, खांद्यावर काळी घोंगडी. ते आले की थंडी येई. चैत्राच्या पाडव्याला ते निघत. त्याच वेळी समोरून उन्हाई येई, तांबूस लुगड्याची, ताठ चालीची बाई. शिवेवरच्या वडाच्या पारावर दोघांची गाठ पडे. थोरल्याने धाकटीची ख्यालीखुशाली विचारावी, धाकटीने थोरल्याला पाणी द्यावे, असे करता करता दोघे महिनाभर तिथेच बोलत बसत. त्या बोलण्याला त्या राज्यात वसंत म्हणत.

राजवाड्याच्या दारावर एक वर कोरलेला होता. सुमेधाच्या पणजोबांनी एका मांत्रिकाला बारा वर्षे जेवू घातले, तेव्हा त्याने तो वर दिला होता. तो असा: या घरचा यजमान पाहुण्याला 'राहा' म्हणेल, 'जा' कधी म्हणणार नाही. म्हटले तर त्या घरी पुन्हा कोणी पाहुणा येणार नाही. आणि ज्याला मनापासून तीनदा 'राहा' म्हटले, त्याचे पाऊल उंबरठ्याबाहेर पडणार नाही.

दरवर्षी शिशिरबाबा म्हणत, "राजा, येतो." राजा रीतीप्रमाणे म्हणे, "आजचा दिवस राहा." बाबा मान हलवून हसत, राजा त्यांच्या तळहातावर दही घाली आणि बाबा निघत. एकदा म्हणायचे ते रीतीचे. त्याने कोणाचे काही अडत नसे.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी माघात राणी कुंदावती वारली. मूलबाळ नव्हते. त्याआधी कितीतरी हिवाळे राजा, राणी आणि शिशिरबाबा शेकोटीशी घोंगडी पसरून सोंगट्या खेळले होते. बाबा हरत आणि म्हणत, "राणी रडी खेळते." राणी म्हणे, "म्हाताऱ्यांना दिसत नाही, आणि आळ माझ्यावर." आता खेळायला दोघेच उरले होते.

पाडवा आला. बाबा उठले. "राजा, येतो."

"आजचा दिवस राहा," राजा म्हणाला, आणि त्याने त्यांची काठी उचलून बागेत नेऊन रोवली.

पाहुण्याची वस्तू लपवून त्याला ठेवून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी खोडी. बाबांनाही हसू आले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निघाले. "राहा," राजा म्हणाला, आणि त्याने वहाणा धान्याच्या कोठारात लपवल्या. तिसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा राजाने त्यांचा हात धरला. "बाबा, राहा," एवढेच तो म्हणाला, आणि त्याने घोंगडी राणीच्या पेटीत ठेवून कुलूप लावले.

या खेपेला बाबा हसले नाहीत. ते खाली बसले.

त्या दिवसापासून देशाची हवा बिघडली. काठीने बागेत मूळ धरले आणि वाढत वाढत ती ढगाला टेकली. वारा आला की ती हले, ती हलली की गारा पडत. वहाणा कोठाराचे दार लोटून बाहेर पडल्या आणि मालकावाचून गावोगाव हिंडू लागल्या. ज्या गावावरून जात तिथे सकाळी गवत पांढरे होई. आज पूर्वेला, उद्या दक्षिणेला. कोणाला अंदाज येईना. पेटीतल्या घोंगडीतून धुके निघे आणि दिवस बराच वर येईतो गल्ल्यांत साचून राही. वेशीबाहेर उन्हाई उभी होती. पहिला पाहुणा निघाल्यावाचून दुसऱ्याने आत यायचे नाही, अशी रीत. ती आत येईना, पण तिचा राग भिंतीवरून येई आणि दुपारी दगडसुद्धा तापत. लोक एका खांद्यावर कांबळे आणि एका हातात पंखा घेऊन बाजाराला जाऊ लागले.

पारावर कोणी नव्हते. वसंत आला नाही.

राजाला त्याचे फारसे काही वाटले नाही. तो आणि बाबा सोंगट्या खेळत होते. पण अष्टमीला डाव मांडताना बाबांच्या हातून सोंगटी निसटली. राजाने ती उचलली तर ती ओली होती. त्याने बाबांच्या हाताकडे पाहिले. हाताच्या आरपार पटावरची घरे दिसत होती.

"बाबा, हे काय?"

"ऊन लागते," बाबा म्हणाले. "खेळ. तुझा डाव आहे."

राजा उठून बागेत गेला. तिथल्या पिंपळावर एक तांबट पक्षी राहत असे. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. तो कधी खोटे बोलत नसे, म्हणून त्याला सहसा कोणी काही विचारत नसे.

"पक्षिराज, बाबांना काय झाले?"

"ते विरघळत आहेत. अमावास्येला संपतील. मग या राज्यात हिवाळा नाही."

"उपाय?"

"काठी, वहाणा, घोंगडी. तिन्ही परत दे. तू लपवल्यास, तूच आण. दुसऱ्याच्या हाताला त्या येणार नाहीत."

"मग बाबांना जाता येईल?"

"ते मला ठाऊक नाही," तांबट म्हणाला.

राजा काठीपाशी गेला. तिच्या बुंध्याशी ठकू माळीण गारांनी पडलेल्या बाळकैऱ्या ओच्यात वेचत होती.

"ठकूबाई, बाजूला व्हा. ही काठी उपटायची आहे."

"उपटा की. मी धरलीय होय?" ठकू म्हणाली. "पाहुणचार तुमचा, महाराज, आणि कैऱ्या माझ्या पडल्या."

राजाने काठीला मिठी मारून जोर लावला. काठी हलली, पण उपटली नाही. वरून गारा मात्र पडल्या.

"ओढून कुठं येतंय मूळ?" ठकूने आपले खुरपे त्याच्यापुढे टाकले. "खाली बसा. हळूहळू मोकळं करा."

राजा गुडघ्यांवर बसला. दोन दिवस तो खुरप्याने माती काढत होता आणि गारा त्याच्या पाठीवर पडत होत्या. तिसऱ्या दिवशी ठकू आली आणि तिने रिकामे टोपले त्याच्या डोक्यावर धरले.

"कशा आहेत गारा?"

"लागतात," राजा म्हणाला.

"हां," ठकू म्हणाली, आणि टोपले तसेच धरून उभी राहिली. तिसऱ्या प्रहरी मूळ सुटले. काठी पुन्हा काठीएवढी झाली. गारा थांबल्या.

मग राजा वहाणांच्या मागे निघाला. घोड्यावरून गेला, तर त्या घोड्याच्या पुढे धावल्या. पायी गेला, तर त्या दिसतील एवढ्या अंतरावर चालत राहिल्या. राजाच्या स्वतःच्या वहाणा झिजून तुटल्या. सकाळच्या गारठ्याने त्याच्या टाचा फुटल्या, दुपारच्या वाटेने तळवे भाजले. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी तो एका खेड्यात येसू कुंभाराच्या दाराशी पोचला. अंगणात कच्ची मडकी मांडली होती. धुक्याने भिजलेली, उन्हाने चिरलेली.

येसूने राजाला ओळखले नाही. "या, बसा ओट्यावर. पाणी देतो, पण जुन्या मडक्यातलं. नवी सगळी गेली."

राजा पाणी प्याला.

"कुठं निघालात?"

"वहाणा शोधतो आहे."

येसूने त्याच्या पायांकडे पाहिले. "दिसतंय. हरवल्या कशा?"

"माझ्या नव्हेत. पाहुण्याच्या. मी लपवल्या होत्या."

येसू हसला. "मीही लपवल्या होत्या एकदा, सासऱ्याच्या. चार दिवस ठेवून घेतलं. तिकडं त्यांची पेरणी राहिली. वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी."

"मी नऊ दिवस मागे धावतो आहे. हाती लागत नाहीत."

"धावून कशाला लागतील? वहाणांची जागा दाराशी. आत पाहुणा टेकला की त्या दाराशी येणारच." येसूने पुढे गूळ ठेवला. "टेका जरा."

राजा भिंतीला टेकून बसला. गूळ खाऊन होतो न होतो तोच शिशिरबाबांच्या वहाणा अंगणातून आल्या आणि ओट्याखाली शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. त्यांची तोंडे रस्त्याकडे होती. त्या निघायला तयार होत्या, हे राजाच्या ध्यानात आले.

मग वहाणा उराशी धरून तो म्हणाला, "येतो."

"भाकरी खाऊन गेला असता."

"नको. घाई आहे."

"बरं, या मग," येसू म्हणाला आणि मडक्यांकडे वळला. राजा त्याच्याकडे बघत राहिला. इतके सोपे असते, हे त्याने कधी पाहिले नव्हते.

चतुर्दशीला तो वाड्यात पोचला. किल्ली त्याच्या कमरेलाच होती. त्याने पेटी उघडली. आतून धुके निघाले आणि खिडकीतून गेले. राणीच्या लुगड्यांवर घोंगडी होती. तिच्या एका कोपऱ्याला वीतभर फाटले होते, आणि तिथे तांबड्या दोऱ्याचे टाके होते. ते राणीने पौषात घातले होते. बाबा म्हणाले होते, "राहू दे ग." ती म्हणाली होती, "राहू दे कसं? वारा शिरेल." हात कापत होता म्हणून टाके वाकडे पडले होते. तिच्या हातचे शेवटचे काम तेच.

राजाने कात्री आणली. तळहाताएवढा तुकडा, तेवढाच ठेवून घ्यावा, असे त्याच्या मनात आले. कात्री हातात धरून तो बराच वेळ बसला. मग त्याने ती पेटीत टाकली आणि घोंगडीची घडी केली.

अमावास्येची सकाळ झाली. बाबा इतके विरले होते की त्यांच्यामागचे कवाड दिसत होते. राजाने काठी त्यांच्या हातात दिली, वहाणा पायांत घातल्या, घोंगडी खांद्यावर टाकली. बाबा थोडे दाट झाले. ते उठून उभे राहिले. राजाने दह्याची वाटी घेतली आणि दोघे दाराशी आले.

आणि तिथे दोघेही थांबले.

तिन्ही वस्तूंबरोबर आधीचे तीन 'राहा' परत गेले होते, पण आता बाबांनी 'येतो' म्हणायचे होते. आणि बाबांनी 'येतो' म्हटले की राजाच्या तोंडून 'राहा' निघणार होते, पुन्हा पहिल्यापासून. जन्मभर त्या तोंडाने दुसरे उत्तर दिलेच नव्हते, आणि मनातही दुसरे नव्हते. 'जा' म्हणायची सोय नव्हती, आणि येसूचे 'बरं, या' त्याच्या जिभेवर येत नव्हते. उन्हे अंगणात उतरत होती. बाबांच्या बोटांवरून पाण्याचा एक थेंब खाली पडला.

बाबांनी तोंड उघडले. राजाने दह्याची वाटी घट्ट धरली आणि ओठ मिटून घेतले. बाबांनी ते पाहिले. त्यांनीही तोंड मिटले.

त्या राज्यात न बोलता निघणे हा मोठा अपमान समजत. वैरीसुद्धा दोन शब्द बोलून जाई. राजाने दही घेतले आणि बाबांच्या तळहातावर घातले. बाबांनी ते चाटले. मग त्यांनी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले, आणि दारावर कोरलेली अक्षरे सुक्या मातीसारखी गळून पडली. ना 'राहा', ना 'जा'; वराला धरायला शब्दच उरला नव्हता. वर होता, त्याचाच शाप झाला होता, तो सुटला.

पुढचे सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला काळजी नको. वेशीबाहेर उन्हाईने महिनाभराचे रागाचे बोलणे तयार ठेवले होते, पण बाबांना पाहून तिने फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. ती दोघे पारावर बसली. त्या वर्षी वसंत एकाच दिवसाचा झाला. त्या एका दिवसात ठकूच्या आंब्यांना दुसरा मोहोर आला, येसूची मडकी नीट वाळली, आणि तांबट टुक टुक करू लागला. त्या घरचे यजमान पुढे पाहुण्याला 'बरं, या' म्हणायला शिकले. मार्गशीर्षात राजवाड्याच्या दाराशी काठी वाजली. राजा पट मांडूनच बसला होता.

पण त्या सकाळी राजाला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो रिकामी वाटी घेऊन दारात उभा होता. शिशिरबाबांनी अंगणात घोंगडी सारखी केली, तांबड्या टाक्यांचा कोपरा वर घेतला आणि त्यावरून एकदा हात फिरवला. मग काठी टेकत, काही न बोलता, ते चालू लागले.